बेचाळिसावं नाव

मकरंदला मारायचं काम शुभदाकडे आलं ते डिसेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत.

ऑफिसात तसंच म्हणत. जगभर बातम्या पुरवणाऱ्या एका वृत्तसंस्थेच्या बंगळुरूच्या कचेरीत, सातव्या मजल्यावर, खिडकीलगत चार टेबलं होती. त्या टेबलांवर जिवंत माणसांचे मृत्युलेख लिहून ठेवले जात. राजे, नट्या, शास्त्रज्ञ, धावपटू. मोठं माणूस गेलं की पाच मिनिटांत बातमी सुटायला हवी, म्हणून त्याचा जन्म, त्याचं काम, मानसन्मान, मागे कोण कोण, हे सगळं त्याच्या हयातीतच तयार असे. शेवटी फक्त दिवस, गाव आणि आजार भरायचा. असे अकराशे चाळीस जण शुभदाच्या हवाली होते. दर तीन महिन्यांनी एकेकाची आठवण पडद्यावर यायची: हे माणूस अजून आहे का, तपासा. ती तपासायची, ‘जिवंत’ या खुणेवर बोट ठेवायची आणि पुढच्याकडे वळायची. बासष्ट वर्षांच्या, बनशंकरीत एकट्या राहणाऱ्या बाईला हे काम बरं शोभतं, असं तिला वाटे.

“मॅम, आज कुणाला मारताय?” शेजारच्या टेबलावरून प्रांजलीने रोजच्यासारखं विचारलं. प्रांजली पुण्याची, सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी इथे आलेली. शुभदाने लिहिलेलं पुन्हा तपासायचं काम तिच्याकडे असे.

शुभदाने पडदा तिच्याकडे वळवला.

“मकरंद तासगावकर? सीरियसली? त्यांचा तो आयलंडवरचा रिपोर्ट आम्हाला सिलॅबसला होता. एक्केचाळीस नावांचा. ते बंगलोरमध्येच असतात?”

“सर्जापूर रोडला, मुलाकडे. फुफ्फुसं गेलीत म्हणे.”

“तुम्ही ओळखता त्यांना?”

शुभदाने कॉफी संपवली. “नावानं,” ती म्हणाली.

प्रत्येक मृत्युलेखाआधी एक फॉर्म भरावा लागे. त्यातला पहिलाच प्रश्न असा की, या व्यक्तीशी तुमचं काही नातं, ओळख, देणंघेणं, वैर? असेल तर काम दुसऱ्याकडे जाई. शुभदाने ‘नाही’वर खूण केली.  

मकरंदची जीवनकथा तिला कुठे शोधावी लागणार नव्हती. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर तासगावकरांचं घर होतं आणि त्यांच्या मागच्या गल्लीत शुभदाचं. दोघांचेही वडील एकाच सरकारी संशोधन संस्थेत. त्याचे हिशेबनीस, हिचे वर्कशॉपात फिटर. मराठी मंडळाच्या गणपतीत आठ वर्षांनी मोठा असलेला मकरंद निवेदन करायचा, आणि त्याच्या आवाजावर सगळं मल्लेश्वरम माना डोलवायचं. शुभदा त्याला अण्णा म्हणे. तो इंग्रजी दैनिकात क्रिकेटचे सामने लिहू लागला, मग दिल्लीला गेला, मग परदेशी वृत्तसंस्थेने त्याला उचललं. काबूल, बैरूत, नैरोबी. सुट्टीत यायचा तेव्हा त्याच्या बुटांना लागलेली माती कुठली, यावर गल्लीतली पोरं पैजा लावायची.

शेजारच्या बेटावर यादवी पेटली तेव्हा संस्थेने त्याला तिथे राजधानीत नेमलं. त्याला तमिळ येत नव्हती. शुभदाला येत होती. बंगळुरूत वाढलेल्या पोरीला चार भाषा अंगणातच मिळतात. त्याने पत्र पाठवलं, ‘येतेस का, दुभाषी म्हणून?’ तेहतीस वर्षांची, लग्न मोडलेली शुभदा एक बॅग घेऊन निघाली.

या धंद्याचा एक नियम आहे. बातमीच्या डोक्यावर गावाचं नाव असतं, तिला डेटलाइन म्हणतात. ज्या गावाला तुमचे स्वतःचे पाय लागले, तेच नाव घालायचं. दुसऱ्या कशाला माफी असेल, याला नाही.

पुन्नैमुनै हे बेटाच्या उत्तर टोकाचं कोळ्यांचं गाव. तिथून पळून जाणाऱ्या माणसांनी भरलेल्या नावेवर रात्री गोळीबार झाला. कुणी केला ते दोन्ही बाजू एकमेकांवर ढकलत होत्या, आणि मेलं कुणीच नाही, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. प्रेतं समुद्राने नेली होती. यादी नव्हती. शुभदा एकटीच मासळीच्या लॉरीतून आणि मग होडीतून तिथे पोचली. गावातल्या बाया वर्तुळ करून, एकमेकींच्या खांद्यात हात गुंफून बसल्या होत्या आणि गाऊन रडत होत्या. तमिळमध्ये त्याला ओप्पारी म्हणतात. दुसऱ्या कुणाला ते नुसतं रडणं वाटलं असतं. पण शुभदाची आई इडलीचं पीठ वाटायच्या दगडाशी बसून ओव्या म्हणायची, आणि प्रत्येक ओवीत घरातल्या एकेकाचं नाव गुंफायची. ज्याचं नाव ओवीत आलं, ते माणूस आपलं, असा आईचा कायदा. शुभदाला ते वर्तुळ लगेच कळलं. जो गेला त्याचं नाव गाण्यात येत होतं. नाव, वय, तो काय खायचा, कुणाला हाका मारायचा. दोन दिवस ती त्या वर्तुळात बसली. वहीत एक्केचाळीस नावं उतरली.

पूरणम नावाची बाई त्या बायांची पुढारीण होती. तिने सूर धरला की बाकीच्या रडत. गेलेल्यांच्या नावांची खातरजमा तिनेच करून दिली. शुभदा निघताना पूरणमने तिची वही मिटवली आणि म्हणाली, माझं नाव रडण्यात आलं तर चालेल, कागदावर नको.

बातमी जगभर छापून आली. डोक्यावर पुन्नैमुनैचं नाव होतं, खाली मकरंदचं. चौथ्या परिच्छेदात पूरणमचं. चार दिवसांनी काही माणसांनी तिला घरातून नेलं. ती परत आली नाही.

मकरंदला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्याने आत्मचरित्र लिहिलं; त्यात तो स्वतः त्या वर्तुळाबाहेर मांडी घालून बसला होता, आणि शुभदा कुठेच नव्हती. शुभदा बंगळुरूला परतली, मुद्रितं तपासण्याच्या नोकऱ्या करत करत या सातव्या मजल्यावर आली, आणि वाट बघत राहिली. आपण कशाची वाट बघतोय, हे तिला त्या मंगळवारी कळलं.

संध्याकाळी ती घरी अवरेकाळू सोलत बसली. डिसेंबर म्हणजे बंगळुरूत अवऱ्याच्या, पावट्यासारख्या शेंगांचे दिवस. भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल बोटांत राहते आणि दाणा उडी मारून भांड्यात पडतो. शुभदा मनातल्या मनात मकरंदचा लेख सोलत होती. ‘निर्भीड’ दाबला, गेला. ‘संवेदनशील’ गेला. ‘अग्रगण्य’ गेला. विशेषणं सगळी काढली की माणूस केवढा उरतो, ते जगाला बघू दे. आणि चौथ्या परिच्छेदात एकच वाक्य: ज्या गावाच्या बातमीने त्यांना कीर्ती दिली, त्या गावात ते कधी गेले नव्हते. चौथ्याच परिच्छेदात. त्याने पूरणमला ज्या जागी ठेवलं होतं, त्याच जागी. त्या रात्री ती भात दोनदा वाढून घेऊन जेवली.

अडचण एकच होती. प्रत्येक गोष्टीला दोन साक्षी लागत. एक साक्ष ती स्वतः, आणि ती उघड करता येत नव्हती. दुसरी साक्ष जगात एकाकडेच होती.

तिने सर्जापूर रोडला फोन लावला. मकरंदची सून सिद्धी बोलली. शुभदाने नाव सांगितलं, काम सांगितलं. अशा कामासाठी गेल्यावर ‘लेख अद्ययावत करतोय’ असं म्हणायची रीत आहे. सिद्धीने आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं की पपा हसले, आणि म्हणाले, तिलाच यायला सांग.

गुरुवारी अकरा वाजता ती चौदाव्या मजल्यावर पोचली. खाली नव्या इमारतींच्या क्रेन उभ्या होत्या. मकरंद खिडकीपाशी आरामखुर्चीत होता, नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं यंत्र धापा टाकत होतं. तो आवाज, ज्याच्यावर मल्लेश्वरमने माना डोलावल्या होत्या, आता दोन वाक्यांमागे थांबत होता.

“बा, ये शुभदा. स्वल्प जवळ बस. ऐकू कमी येतं.” मग तो म्हणाला, “आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर बातमी होतेय, आणि मलाच वाचायला मिळणार नाही.”

तिने फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि तसं त्याला सांगितलं. जन्म, शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, कोणत्या शहरात किती वर्षं. तो नीट उत्तरं देत गेला. अर्धा तास झाला. सिद्धी कॉफी ठेवून गेली. शुभदाने वहीचं पान उलटलं.

“पुन्नैमुनैला किती दिवस होतात तुम्ही?”

“तुम्ही,” तो म्हणाला. “अण्णा म्हणायचीस.”

“किती दिवस?”

त्याने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. तिला वाटलं आता तो वळणं घेईल, खोकेल, सुनेला हाक मारेल. या सगळ्यासाठी ती तयारी करून आली होती.

“एकही नाही. माझे पाय त्या गावाला लागले नाहीत. तू गेलीस. पाठ धरलीय म्हणून मी हॉटेलात राहिलो. पाठ दुसऱ्याच दिवशी बरी झाली होती. तेही लिही.”

एवढंच. एकोणतीस वर्षं जे ओढून काढायचं होतं, ते त्याने पेपर पुढे करावा तसं पुढे केलं. शुभदाला आपल्या हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. तिने तिथेच थांबायला हवं होतं. लेखाला तेवढं पुरे होतं. पण तिला अजून हवं होतं. तिला त्याची मान खाली गेलेली बघायची होती.

“आणि पूरणम? तिचं नाव छापू नका म्हणून सांगितलं होतं मी.”

“सांगितलं होतंस.” त्याने डोळे मिटले. यंत्र दोनदा धापलं. “तू गावातल्या चर्चमधून फोन केला होतास. मी म्हटलं, यादी कुणी दिली त्याचं नाव नसेल तर वरचे लोक यादी टाकून देतील. तू गप्प झालीस. खूप वेळ. लाइनीवर समुद्र ऐकू येत होता. मग विचारलंस, ‘अण्णा, खाली माझं नाव येईल ना?’ मी म्हटलं, येईल. मग म्हणालीस, ‘लिही.’”

खाली कुठेतरी क्रेनची घंटा वाजत होती.

“माझं नाव आलं नाही,” शुभदा म्हणाली. आणि स्वतःचाच आवाज कानावर पडल्यावर तिला कळलं की आपण ‘खोटं आहे’ असं म्हटलेलं नाही.

“नाही आलं. ते मी केलं. तेवढं माझं.” त्याने डोळे उघडले. “लिही तेही. मला आता कशाची भीती? पण अर्धं लिहू नकोस. अर्धं लिहायचं काम मी करून झालंय.”

त्याची मान खाली गेली नव्हती. शुभदाने फोन उचलला, वही पर्समध्ये टाकली आणि उठली. जिभेवर सवयीने एक हाक आली होती. ती तिने दाताखाली धरून ठेवली.

दारात सिद्धीने तिचा हात हातात घेतला. “काकू, छान लिहाल ना? दोन दिवसांपासून सगळ्यांना सांगतायत, मल्लेश्वरमची शुभदा येणार आहे म्हणून.”

शुभदा म्हणाली, “जे झालं ते लिहीन.”

टॅक्सीत तिने रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. सदतीस मिनिटं. त्याची कबुली एकतिसाव्या मिनिटाला होती. तिचं ‘लिही’ चौतिसाव्या मिनिटाला. तेहतिसाव्या मिनिटाला कात्री लावली तर कुणी विचारणार नव्हतं. म्हातारा महिनाभरात जाईल, आणि मग त्या चर्चमधला समुद्र तिच्याखेरीज कुणालाच ऐकू येणार नाही. सिग्नलवर गाडी पाऊण तास अडकली. ड्रायव्हरने मागे वळून कन्नडमध्ये विचारलं, अक्का, बरं वाटत नाहीये का? ती म्हणाली, सरी, ठीक आहे, चला तुम्ही.

पाऊण तासात तिने ती कात्री वीस वेळा लावून बघितली. प्रत्येक वेळी मकरंद पडायचा आणि ती उभी राहायची. प्रत्येक वेळी गोड लागायचं. आणि प्रत्येक वेळी वही मिटवणारा एक काळा, खरबरीत हात मधे यायचा.

घरी आल्यावर ती पुन्हा अवरे सोलायला बसली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. तिन्हीसांज झाली तरी दिवा लावायचं सुचलं नाही. साल बोटांत, दाणा भांड्यात. साल बोटांत, दाणा भांड्यात. आईच्या दगडाला असायचा तसला एक ताल हळूहळू धरला गेला, आणि आई गेल्यानंतर तिने कधी केलं नव्हतं ते झालं. तोंडात शब्द आले.

समिंदराच्या गं काठी, तुझं घर तुझं गाव
माझ्या नावाच्या हावेनं, दिलं मी गं तुझं नाव

ओवी म्हणून झाल्यावर तिचे हात थांबले. वहीत एक्केचाळीस नावं होती. बेचाळिसावं तिने कधी लिहिलं नव्हतं. मकरंदच्या पापात ते धरलंय, असं ती इतकी वर्षं मानत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने फॉर्म उघडला, पहिल्या प्रश्नावरची खूण बदलली आणि लंडनच्या वरिष्ठांना चार ओळी लिहिल्या. तासाभरात उत्तर आलं: लेखावरून तिला काढलं होतं आणि आधीच्या खोट्या खुणेची नोंद तिच्या नावावर केली होती. लेख प्रांजलीकडे गेला. शुभदाने रेकॉर्डिंग तिच्या हवाली केलं.

“पूर्ण ऐक. मधे थांबवू नकोस.”

प्रांजली हेडफोन लावून बसली. शुभदा तिच्याकडे पाठ करून आपल्या अकराशे एकोणचाळीस जणांतून फिरत राहिली. बऱ्याच वेळाने मागे खुर्ची सरकली. प्रांजलीचे डोळे लाल होते.

“मॅम, यात... तुमचं नाव घालू का? की फक्त ‘असिस्टंट’ म्हणू?”

“घाल. दोन्ही जागी घाल. गावात गेले तिथे, आणि ‘लिही’ म्हटलं तिथेही.”

“लोक तुम्हाला खूप बोलतील.”

“आणि ते निर्भीड, संवेदनशील वगैरे काही घालू नकोस,” शुभदा म्हणाली. “माझ्यासाठीही नको.”

मकरंद फेब्रुवारीत गेला, शुक्रवारी, जेवणाच्या वेळेला. सिद्धीचा फोन आला आणि सहा मिनिटांत बातमी सुटली. शुभदाने ती आपल्या टेबलावर वाचली. जन्म मल्लेश्वरमचा. काबूल, बैरूत, नैरोबी. चौथ्या परिच्छेदात पुन्नैमुनै, आणि तिथे त्याचे पाय न लागणं, त्याच्याच शब्दांत. पाचव्यात पूरणम, आणि शुभदाचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा तिचं पूर्ण नाव जगभर छापून गेलं होतं. तिने ते एकदाच वाचलं.

मग नजर वर गेली. डेटलाइन होती बंगळुरू. शुभदा त्या नावाकडे बघत राहिली. या एका बातमीच्या गावात तरी तो स्वतः हजर होता. हसू ओठांपर्यंत आलं, आणि तिने ते परतवलं नाही. तेवढं तिचं होतं.

संध्याकाळी सिद्धीने पुन्हा फोन केला. आवाज रडून बसला होता. सगळीकडे तेवढंच चाललंय, ती म्हणाली, चाळीस वर्षांचं काम कुणी बघतच नाहीये. काकू, तुम्ही घरी येऊन कॉफी प्यायलात ना हो आमच्याकडे.

“त्यांनीच सांगितलं होतं लिहायला,” शुभदा म्हणाली.  मग तिने विचारलं, “शेवटी त्रास झाला का फार?”

“नाही,” सिद्धी म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी निघायच्या आधी शुभदाने एक नवी नोंद उघडली. अशा नोंदीसाठी माणूस प्रसिद्ध असावं लागतं, पण आज पूरणमचं नाव बातमीत आलं होतं, तेवढं नियमाला पुरत होतं. तिने भरलं. नाव: पूरणम. गाव: पुन्नैमुनै. काम: गावात कुणी गेलं की त्याच्या नावाने रडणं. कीर्ती: एक्केचाळीस माणसांची नावं हिने राखली. मागे: एक मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. मृत्यूचा दिवस रिकामा. दोन साक्षी नसल्या तर माणूस मेलं असं लिहिता येत नाही. या धंद्याचा तोही नियम आहे.

मे महिन्यात, शुभदाचा नोकरीचा करार संपायला चार दिवस असताना, पडद्यावर आठवण आली. पूरणम, पुन्नैमुनै. हे माणूस अजून आहे का, तपासा.

तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. मग ‘जिवंत’वर बोट ठेवलं. पुढची आठवण कुणाला पाठवायची, असं खाली विचारलं होतं. तिने प्रांजलीचं नाव घातलं.